स्वयंपाकघरापर्यंतची तार

प्रताप नगरातल्या आमच्या घराचा नकाशा सासऱ्यांनी स्वतः काढला. ते रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारती रेखाटल्या, त्यामुळे स्वतःच्या घराची एकेक खिडकी ते खोडत आणि पुन्हा काढत. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत तो कागद जमिनीवर पसरलेला असे, कोपऱ्यांवर वजनाला वाट्या ठेवलेल्या, आणि आम्ही सगळे त्याच्या कडेकडेनं चालत असू. एका रविवारी मी त्या कागदाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "बाबा, विजेच्या पाइपासोबत भिंतीतून आणखी एक पाइप नेता येईल का? बैठकीपासून पार स्वयंपाकघरापर्यंत?"

"त्यात काय टाकतं?"

"आत्ता काही नाही. रिकामाच ठेवायचा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "रिकामा पाइप काहून पाहिजे वं तुले?"

मी त्या घरात नवीच होते. माझ्या वडिलांचं महालातच रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि माझ्या हातात लाटण्याआधी डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आलं होतं, असं आई म्हणायची. पुढे मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागले. सासऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. आमची सोयरीकच मुळी त्यांचा बिघडलेला रेडिओ आमच्या दुकानात आला म्हणून जुळली होती. तरी सून भिंतीत पाइप मागेल, असं त्यांना वाटलं नसावं.

मला जे दिसत होतं ते साधं होतं. महालात रेडिओ एकच होता आणि तो सगळ्यांना पुरत होता, कारण खोल्याच दोन. सासूबाई भाकरी थापता थापता गाणी ऐकत, सासरे दाढी करता करता बातम्या ऐकत, नणंद वेणी घालता घालता दोन्ही ऐकत असे. नव्या नकाशात बैठक रस्त्याकडे होती आणि स्वयंपाकघर मागे, विहिरीकडे. मध्ये दोन खोल्या आणि एक बोळ. रेडिओ अर्थातच बैठकीत जाणार होता. म्हणजे घर मोठं झाल्याबरोबर सासूबाईंचा रेडिओ जाणार होता, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

मी सासऱ्यांना ते समजावून सांगितलं. एक रेडिओ, त्याला एक अँप्लिफायर, आणि तिथून प्रत्येक खोलीत तार. प्रत्येक खोलीत एक छोटा स्पीकर, ज्याचा आवाज त्याच खोलीत कमी-जास्त करता येईल. तार आज नाही, उद्या ओढू. पण पाइप मात्र प्लास्टरच्या आधी गेला पाहिजे.

सासऱ्यांनी पेन्सिल उचलली आणि विजेच्या रेघेला अगदी चिकटून तुटक रेघ काढायला घेतली.

"तिथं नको बाबा," मी म्हणाले. "विजेच्या तारेच्या बाजूनं नेली तर स्पीकर भुंग्यासारखा गुणगुणतो. खालून न्या, फरशीच्या वर वीतभर."

"नकाशा कोण काढून राहिलं? मी का तू?" असं म्हणून त्यांनी ती रेघ खोडली आणि खालून काढली.

खरं भांडण पेटी कुठं ठेवायची यावरून झालं. रेडिओ, अँप्लिफायर आणि खोल्यांची बटणं एकाच लाकडी पेटीत बसणार होती. सासऱ्यांच्या मते तिची जागा बैठकीत, बुद्धमूर्तीच्या बाजूच्या टेबलावर. माझं म्हणणं होतं की पेटी स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या कोनाड्यात हवी. दिवसभर घरात असतं कोण? तिची बटणं फिरवणार कोण? सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "म्हणजे रेडिओ माझ्यापाशी राहीन?"

"हो आई."

"आणि यायले बातम्या पाहिजे असल्या तं?" सासऱ्यांकडे हनुवटी करून त्यांनी विचारलं.

"तर बाबा तुम्हाला सांगतील."

सासूबाईंनी तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला. "मंग कोनाड्यातच ठेव," त्या म्हणाल्या. आणि कोनाडा ठरला.

घर बांधून व्हायला दोन उन्हाळे गेले. प्रताप नगरात तेव्हा घरं विरळ होती. आमच्या प्लॉटवर उभं राहिलं की दूरवर गवत आणि मधूनच एखाद्या घराच्या अर्ध्या भिंती दिसत. शाळा सुटली की मी सायकलनं तिथं जाई आणि पाइपांची तोंडं कागदाचे बोळे घालून बंद करी, प्लास्टरचा माल आत जाऊ नये म्हणून. तरी एका वळणावर तो गेलाच. राहायला आल्यावर मी तार ओढायला घेतली, तेव्हा लोखंडी तार बोळापासून बैठकीकडे निघाली आणि मध्येच अडली. कितीही ढकलली तरी पुढे जाईना. नेमकी बैठकीची भिंत, जिला नुकताच फिका हिरवा रंग लागला होता.

माझे यजमान तेव्हा अमरावतीला नोकरीला होते, शनिवारी एसटीनं येत. ते म्हणाले, "सोडून दे. बैठकीत नाही वाजला तर काय बिघडते?"

"असं कसं?" सासरे कडाडले. "साऱ्या कॉलनीले सांगून ठेवलं ना मी!" आणि ते हातोडी-छिन्नी घेऊन स्वतः भिंतीशी बसले. ज्या रंगाची छटा त्यांनी दुकानदाराशी वाद घालून निवडली होती, तो त्यांनीच फोडला. गुडघ्यांवर धूळ, मिशांवर धूळ. पाइप उघडा पडला, आतला कडक गोळा निघाला, आणि लोखंडी तारेचं टोक पलीकडून बाहेर आल्यावर ते एवढ्या मोठ्यानं "आली गा, आली!" ओरडले की नणंद अंगणातून धावत आली. तिला वाटलं नळाला पाणी आलं.

पहिल्यांदा सगळे स्पीकर लावले तेव्हा सकाळ होती. नणंद आणि मी कोनाड्यापाशी, सासरे बैठकीत, सासूबाई चुलीपाशी. मी बटण फिरवलं. आधी नुसती खरखर, मग एकदम सनई. स्वयंपाकघरातल्या फडताळावरच्या स्पीकरच्या पेटीतून सनई वाजू लागली आणि सासूबाईंनी पाठीमागं वळून पाहिलं, जणू कोणी आत आलं. मग त्यांनी हात पुसले, उठल्या, आणि बोळातून एकेका खोलीत जाऊन प्रत्येक पेटीला कान लावून आल्या. "सगळीकडं एकच वाजून राहिलं," त्या मला म्हणाल्या. एवढंच. पण त्या दिवशी दुपारी महिलांच्या कार्यक्रमात लोणच्याची कृती सांगणाऱ्या बाईंशी त्या मोठ्यानं वाद घालत होत्या, "अवं, मोहरी इतकी कुठं टाकतात?" तेव्हा मला कळलं की काम झालं.

लगेच दुसरी अडचण उभी राहिली. बातम्यांची वेळ झाली की सासरे बैठकीतून ओरडत, "बातम्या लाव!" सासूबाईंना ते ऐकू येत नसे, कारण कानाशी गाणं चालू असे. मग मी बैठकीत एक बटण बसवलं. ते दाबलं की कोनाड्यातली घंटी टिंग वाजे. तिथं एक फिरतं स्विच होतं. ते एका बाजूला केलं की रेडिओ थांबून बैठकीतला स्पीकरच माइकचं काम करी आणि तिथलं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू येई. दुसऱ्या बाजूला केलं की सासूबाईंचं उत्तर बैठकीत जाई. सासऱ्यांना हे फार आवडलं. ते पेटीसमोर ताठ उभे राहून, साहेबांना अर्ज करावा तसं बोलत, "जरा बातम्या लावता का?" आणि पेटीतून उत्तर येई, "गाणं संपू द्या."

याच सुमारास गच्चीवरच्या टाकीचाही प्रश्न मी अंगावर घेतला. विहिरीवरची मोटर टाकी भरत असे, पण टाकी भरली हे कळायचं ती वाहू लागल्यावरच. मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा डाग देऊन बंद केला आणि तरंगायला टाकीत सोडला. पाणी वर आलं की डबा वर येणार, पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटणार आणि कोनाड्यात दुसरी, जाड आवाजाची घंटी घणघणणार. बॅटरीचे सेल, घंटी आणि डबा, बस्स. आठवडाभर छान चाललं. मग डब्याला बारीक भोक पडलं, डबा बुडाला आणि घंटी वाजलीच नाही. गच्चीवर सासूबाईंनी धोतरावर कुरोड्या घातल्या होत्या. टाकी भरभरून वाहिली. कुरोड्यांचा पुन्हा चीक झाला.

सासूबाई त्या संध्याकाळी माझ्याशी बोलल्या नाहीत. सासरे कुजबुजले, "दुसरा डबा लाव लवकर." मी दुसरा डबा शोधत होते तेव्हा सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"लोखंड बुडणार नाही तं काय करन?" त्या म्हणाल्या. "आम्ही पोहायले कशानं शिकलो?"

त्यांचं माहेर नरखेडकडचं, संत्र्यांच्या बागांतलं. तिथल्या विहिरींत पोरीसोरी पोहायला शिकत त्या पाठीला वाळलेले भोपळे बांधून. वाळका भोपळा आत पोकळ, वरून लाकडासारखा, कितीही दाबा, वर येणारच. पुढच्या खेपेला त्या माहेरून आल्या तेव्हा संत्र्यांच्या करंडीत वर एक भोपळा होता, टणक, पिवळा, वाजवला की ठणठणणारा. मी तो टाकीत बसवला. मग घंटीनं कधी दगा दिला नाही. सासऱ्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. ते म्हणत, "आता मोटर आपोआप बंद व्हाले पाहिजे." मी त्याचाही विचार करू लागले होते, पण सासूबाईंनीच तो मोडला. "सारंच आपोआप झालं तं मी काय करू? घंटी वाजते, मी उठतो, बटण दाबतो. राहू दे तेवढं."

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याच्यामुळे आमची ही तार नातेवाईकांत गाजली.

नणंद टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. गोड आवाजाची, हट्टी, कामात तरबेज. तिला पाहायला काटोलहून पाहुणे आले. मुलगा गुरांचा डॉक्टर, सोबत त्याची आई, मामा आणि मध्यस्थ. आत फराळाची तयारी चालली होती, सांबारवड्या तळून ताटात निथळत होत्या, सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास सगळ्या घरभर. पाहुणे आले तेव्हा बैठकीत हळू आवाजात गाणं लावून ठेवलं होतं, सासऱ्यांच्या आग्रहानं, पाहुण्यांना घरातली सोय दिसावी म्हणून. नणंद बाहेर जाऊन बसली, दोन-चार प्रश्न झाले, ती आत आली. मग सासरे मध्यस्थाला विहीर दाखवायला घेऊन गेले. बैठकीत उरले मुलगा, आई आणि मामा.

मी कढईपाशी होते. अचानक फडताळावरच्या पेटीतलं गाणं थांबलं आणि एका अनोळखी बाईचा आवाज आला, अगदी स्पष्ट, "वडी मस्त झाली."

मी वळून पाहिलं. सासूबाईंचा हात कोनाड्यातल्या स्विचवर होता.

"आई, बंद कर!" नणंद दबक्या आवाजात म्हणाली. "असं दुसऱ्याचं बोलणं आयकू नाही. आमच्या नोकरीत पहिलं हेच शिकवतात."

"तुह्या एक्सचेंजात शिकवत असतीन," सासूबाई म्हणाल्या. "हे माझं घर आहे. माझ्या बैठकीत काय बोलून राहिले ते मी आयकू नाही?"

तेवढ्यात पेटीतून पुन्हा त्याच बाईंचा आवाज, "पोरगी चांगली आहे. पण नोकरी करते म्हणे. काटोलले कशी करन? सोडाच लागन."

मग मामांचा, "ते आता नको काढू. लग्न होऊ दे, मंग सोडवू आपण."

नणंदेच्या हातातला चहाचा चमचा तसाच राहिला. मी कढई खाली उतरवली. आम्ही तिघीही त्या पेटीकडे पाहत होतो.

"नाही मामा," हा आवाज मुलाचा. शांत, जरा जाडसर. "हे आत्ताच विचारा. मंग सांगायचं, हे बरोबर नाही. तिनं नाही म्हटलं तं नाही. पण सोडायले काहून पाहिजे, ते तं मलेही नाही समजत."

"तू गप्प बस," आई म्हणाली. "नवरदेव बोलत असते का मधात?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नणंदेकडे. तिचा चेहरा लाल झाला होता, पण रागानं की कशानं ते मला सांगता येईना. तिनं चहाचा ट्रे उचलला.

"अवं, मी नेतो ना," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. मीच नेते."

ती बैठकीत गेली. आम्ही पेटीतून ऐकत राहिलो, कप ठेवल्याचा आवाज, आणि मग तिचा तोच फोनवरचा गोड, खणखणीत आवाज, "काटोललाही एक्सचेंज आहे. मी बदली मागून घेईन. पण नोकरी सोडणार नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं."

पेटीतून बैठकीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मामा खाकरले. सासरे तेवढ्यात परत आले होते बहुतेक, कारण त्यांचा गोंधळलेला आवाज आला, "नोकरीचं काय झालं? कोणी काही विचारलं का?"

"कोणीच नाही विचारलं," मुलगा म्हणाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पण काका, आम्ही आलो तेव्हा या पेटीत गाणं लागलं होतं. मधात बंद झालं. इथून तं कोणीच उठलं नाही. हे बंद कोणी केलं?"

सासूबाईंनी झटकन स्विच फिरवलं. घाईत उलट्या बाजूला गेलं, आणि मी जे पुटपुटले, "मेलो आता," ते बैठकीतल्या पेटीतून सगळ्यांनी ऐकलं.

पहिल्यांदा तो मुलगा हसला. नुसता हसला नाही, खुर्चीला धरून हसला. मग मामा हसले, आणि शेवटी त्याची आईही, पदर तोंडाला लावून. सासरे मात्र आत आले ते लालबुंद होऊन. "हे काय करून राहिल्या तुम्ही? इज्जत घातली ना माझी!"

"मी केलं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि बरं केलं. नाहीतं तिले लग्नानंतर समजलं असतं."

सासरे पुढे काही बोलणार एवढ्यात त्यांच्या मागं दारात तो मुलगा येऊन उभा राहिला. "मले ते कोनाड्यातलं पाहाचं होतं," तो म्हणाला. सासूबाईंनी बाजूला सरून जागा करून दिली. तो वाकून पेटीत डोकावला, कोणती तार कुठं जाते ते विचारत राहिला, आणि स्पीकर माइकसारखा कसा चालतो हे कळल्यावर म्हणाला, "म्हणजे माझ्या स्टेथोस्कोपसारखंच. गाय सांगत नाही तिचं काय दुखते, आयकाच लागते." सासूबाई माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "पोरगं बरं आहे." या वेळी स्विच बंद होतं, मी पाहून घेतलं.

होकार यायला काही दिवस गेले. त्याच्या आईला सावरायला वेळ लागला, आणि त्यांचा राग रास्तच होता. मध्यस्थ निरोप घेऊन आला की मुलाकडचे तयार आहेत, नोकरीचंही मान्य आहे. नणंदेनं लगेच हो म्हटलं नाही. तिला मुलाशी एकदा बोलायचं होतं, समोरासमोर, पेटीशिवाय. सासऱ्यांनी कुरकुर केली, पण बोलणं झालं, अंगणात, तुळशीच्या नव्हे तर संत्र्याच्या झाडाखाली, जे सासूबाईंनी नरखेडहून आणून लावलं होतं. काय बोलले ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. लग्न विहारात झालं, साधं, आणि दोन्हीकडची माणसं जेवताना एकमेकांना आग्रह करत होती. बदलीला मात्र वर्ष लागलं. तोवर नणंद रोज सकाळच्या एसटीनं काटोलहून नागपूरला यायची आणि संध्याकाळी परत जायची. थकायची, पण कधी रजा टाकल्याचं मला आठवत नाही.

जावई आमच्याकडे आले की आधी कोनाड्यापाशी जात. मग आम्ही दोघं मिळून काही ना काही उघडून बसत असू, आणि सासूबाई तक्रार करत की जावई जेवायले येते का डाग द्यायले.

पुढे टीव्ही आला. बैठकीत शटर असलेल्या खोक्यात तो बसला आणि संध्याकाळी शेजारपाजारचे लोक सतरंजीवर येऊन बसू लागले. मला वाटलं, आता पेट्यांचं काम संपलं. सासूबाईंना बैठकीत येऊन बसायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "टीव्हीसमोर बसा लागते. पोळ्या कोण करन?" म्हणून मी टीव्हीचा आवाज त्याच तारेवरून स्वयंपाकघरात सोडला. त्या पोळ्या लाटता लाटता मालिका ऐकायच्या. कोणता आवाज कोणाचा हे त्यांना पाठ झालं होतं. आणि पेटीतून कोणी रडायला लागलं की तव्याखालचा गॅस बारीक करून, कणकेचे हात तसेच वर धरून, त्या बोळातून धावत यायच्या आणि दारातून विचारायच्या, "कोण वं, कोण रडून राहिलं?" पाहून झालं की परत जायच्या, पोळी उलटायला.